लाकडातले पाणी



गेल्या लाग बाओमरला आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मुलांनी शेकोटी केली. पेसाह संपल्यापासूनच त्यांची लाकडे जमविण्याची धांदल चालली होती. माझा धाकटा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याने भाजीवाल्याच्या दुकानामागून फळांच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या होत्या. शिवाय नगरपालिकेच्या माणसांनी त्याच आठवड्यात तोडलेल्या निलगिरीचे दोन ओंडके मित्रांच्या मदतीने ढकलत ढकलत आणले होते. त्यांतला थोरला ओंडका शेकोटीच्या मधोमध मोठ्या मानाने ठेवण्यात आला.

फळ्या पाच-दहा मिनिटांत जळून गेल्या. ओंडका मात्र रात्रभर नुसता धुमसत राहिला. त्याच्या कापलेल्या टोकाला फेस येऊ लागला आणि शूं शूं असा आवाज होऊ लागला. मुले डोळे चोळीत लांब सरकली. नातू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सव्ता, खालून आग लागली आहे, मग आतून पाणी कसे येते?"

मी पस्तीस वर्षे मुलांना शास्त्र शिकविले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कोकणात तो कोणी विचारीत नसे, कारण तेथे पोरासोरांनाही ओले सरपण म्हणजे काय ते ठाऊक असे. इकडे वाढलेल्या मुलांना गॅसचे बटण ठाऊक. त्याला उत्तर देताना वाटले की हे आपल्या पानांतही लिहावे. ज्यांचे बालपण चुलीपाशी गेले त्यांना यातले निम्मे माहीत असेलच. त्यांनी ते नातवंडांना वाचून दाखवावे.

प्रथम लाकूड म्हणजे काय ते पाहू. आमच्या शाळेत गुरुजींच्या हाती वेताची छडी असे. एकदा शास्त्राच्या तासाला त्यांनी त्याच छडीचे एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडविले आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोराने फुंकर घातली. पेल्यात बुडबुडे आले! वर्गातली चाळीस मुले तोंड उघडे टाकून पाहत राहिली. जी छडी आम्ही भरीव समजत होतो ती आतून आरपार पोकळ होती. त्यामुळे ती हातावर कमी लागत असे असे मात्र नाही.

वेताच्या नळ्या लांब आणि मोकळ्या असतात म्हणून त्यातून फुंकर जाते. इतर लाकडातही अशाच नळ्या व पेशी असतात, फक्त त्या बारीक असून ठिकठिकाणी बंद झालेल्या असतात. झाड जिवंत असताना याच वाटांनी मुळांकडून पानांकडे पाणी चढते. तेव्हा ताजे तोडलेले लाकूड म्हणजे पाण्याने भरलेल्या असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडीच होय. पुष्कळदा त्याच्या वजनातला निम्मा भाग नुसत्या पाण्याचा असतो. शेकोटीत ओंडक्याचा मधला भाग तापला, आतल्या पाण्याची वाफ झाली, आणि तिने उरलेले पाणी नळ्यांमधून टोकाकडे ढकलले. नातवाने पाहिला तो फेस हाच.

आता हेच लाकूड पाण्यात टाकून पाहू. लाकूड तरंगते हे सर्वांना माहीत आहे. एलिशा नबीच्या गोष्टीत यार्देनेच्या पाण्यात पडलेले कुऱ्हाडीचे लोखंड वर आले, याचे सर्वांना नवल वाटले. त्यासाठी पाण्यात टाकलेली काटकी तरंगली याचे कोणालाच वाटले नाही. परंतु लाकूड ज्या पदार्थाचे बनलेले असते तो पदार्थ स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. नळ्यांच्या भिंती तेवढ्या वेगळ्या काढून दाबून एक केल्या तर त्या पाण्याच्या सुमारे दीडपट जड भरतात. आणि हे प्रमाण सर्व झाडांत जवळजवळ सारखेच आहे. साग असो, सावर असो, खैर असो, भिंतीचा माल तोच. फरक असतो तो भिंतींच्या जाडीत आणि मधल्या पोकळीत. सावर व पांगारा यांत पोकळी फार, म्हणून ती लाकडे हातात घेतली तर हलकी लागतात. वाळलेला साग पाण्याच्या सुमारे दोन-तृतीयांश वजनाचा, म्हणून त्याचा दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली आणि एक-तृतीयांश वर राहतो. खैर आणि आपल्या किनाऱ्यावरचे सुरू यांत पोकळी थोडी, म्हणून ती पाण्याच्या जवळपास वजनाची. काळे आबनूस तर वाळलेले असले तरी तळाला जाते.

म्हणजे तरंगण्याचे काम लाकूड करीत नाही, त्याच्या पोटातली हवा करते. हवेच्या जागी पाणी शिरले की तोच साग बुडू लागतो. ताजा तोडलेला सागाचा ओंडका पाण्यात नीट तरंगत नाही, हे जंगलातल्या जुन्या कामगारांना माहीत होते. म्हणून मलबारात आणि ब्रह्मदेशात नदीवाटे न्यावयाच्या सागाच्या बुंध्याभोवती आधी खोल खाच पाडून ठेवीत. झाड उभ्या उभ्या वाळे, दोन-तीन वर्षांनी ते तोडीत, आणि मग ते नदीत तरंगत जाई. राजा शलोमोसाठी लबानोनचा गंधसरू, ज्याला आपण इकडे एरेझ म्हणतो, तराफे बांधून समुद्रमार्गे याफोला आणला असे तनाखमध्ये आहे. पूर्वी मी तो भाग वाचून पुढे जात असे. आता मनात येते की तराफा बांधण्यापूर्वी लाकूड किती दिवस वाळविले असेल.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगते. दहा सेंटिमीटर लांबीची एक सरळ काडी घ्या, अंगठ्याएवढी जाड. तिच्यावर एकेक सेंटिमीटरवर पेन्सिलीने खुणा करा. उंच, अरुंद पेल्यात पाणी भरून ती उभी सोडा. पेला अरुंद असला की ती आडवी होत नाही. पाणी पाचव्या खुणेपर्यंत आले तर ते लाकूड पाण्याच्या निम्म्या वजनाचे, आठव्या खुणेपर्यंत आले तर आठ-दशांश. खोक्याची फळी पाइनची असते, तिची काडी बहुधा पाचच्या अलीकडे-पलीकडे राहील. मग ती काडी पेल्यातच राहू द्या आणि रोज खूण पाहा. ती हळूहळू खाली जाताना दिसेल. आमच्या घरी नातवाने निलगिरीच्या ताज्या फांदीची काडी सोडली, ती तळाशीही गेली नाही आणि वरही आली नाही. मध्येच लोंबकळत राहिली.

आता चुलीकडे येते.

आमचे घर कुलाबा जिल्ह्यात होते. १९८१ पासून त्याला रायगड म्हणतात. समुद्रापासून पाव मैलावर घर, मागे सुरूचे बन. कातकरी बायका डोक्यावर मोळ्या घेऊन येत आणि आई ओट्यावर बसून मोळीचा भाव करी. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते, त्याआधी पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सरपण पडवीत आले पाहिजे असा नियम. होळीनंतरच्या उन्हात लाकूड अंगणात पसरून वाळवावयाचे. शिमग्यात गावची पोरे होळीसाठी लाकडे पळवीत, म्हणून त्या दिवसांत आई रोज संध्याकाळी ढीग मोजून ठेवी. पुढे आगोटीचे काळे ढग दिसू लागले की घरातली सर्व माणसे लाकडे, करवंट्या, सोडणे आणि वाळलेल्या झावळ्या आत ओढण्यास लागत. चुलीच्या वर एक फळी टांगलेली असे. दुसऱ्या दिवशीची लाकडे आदल्या रात्री तिच्यावर चढवून ठेवीत, म्हणजे चुलीची धग त्यांना लागे.

आई एक भेद फार काटेकोरपणे पाळी. पावसाने भिजलेले लाकूड ती चालवून घेई, पण "ओले" लाकूड घरात येऊ देत नसे. मला तेव्हा दोन्ही सारखीच वाटत. पुढे शिकले तेव्हा कळले की तिचे बरोबर होते. लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. एक नळ्यांच्या पोकळीत, दुसरे नळ्यांच्या भिंतीत मुरलेले. वाळलेल्या लाकडावर एक सर पडून गेली तर पाणी वरवर लागते, आणि दोन दिवसांच्या उन्हाने किंवा चुलीच्या धगीने निघून जाते. झाडाच्या रसाचे पाणी मात्र थेट गाभ्यापर्यंत असते. प्रथम पोकळीतले पाणी जाते. मग भिंतीतले पाणी, म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के, सावकाश सुटू लागते. लाकूड आकसू लागते ते या दुसऱ्या टप्प्यात, आणि तेव्हाच त्याच्या टोकांना चिरा पडतात. म्हणून चिरा ही वाळल्याची खूण. आईची दुसरी खूण आवाजाची होती. दोन फाटे एकमेकांवर आपटून पाही. टण्ण वाजले तर वाळलेले, थप्प वाजले तर परत.

पुढे आम्ही मुंबईला चाळीत राहावयास गेलो. तेथे मोळी नव्हती, कोपऱ्यावरची वखार होती, आणि लाकूड काट्यावर तोलून मिळे. न्हाणीतल्या बंबासाठी ढलप्या आणि शेगडीसाठी कोळसा तेथूनच येई. श्रावणात तेच दहा किलो लाकूड डोळ्यांना कमी दिसू लागले, तेव्हा आई वखारवाल्याशी भांडली. वखारवाला म्हणाला, "बाई, काटा तुमच्यासमोर आहे." काटा खरा होता. पण काट्यावर पाणी होते.

त्याचा हिशेब मी पुढे वर्गात मुलांकडून करून घेत असे. पूर्ण कोरडे लाकूड एक किलो जळले तर सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, आणि किलोला किलो धरले तर जातीजातीत फरक थोडाच पडतो, कारण भिंतीचा माल तोच. चांगल्या वाळलेल्या दहा किलो लाकडातही दोन किलो पाणी धरावे. उरले आठ किलो लाकूड. त्यांचे ३६,००० किलोकॅलरी. ते दोन किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास किलोमागे सुमारे ६०० खर्च होतात. उरले ३४,८००. आता ओले घ्या, निम्मे पाणी असलेले. पाच किलो लाकडाचे २२,५००, त्यातून पाच किलो पाण्याच्या वाफेचे ३,००० वजा. उरले १९,५००. पैसे तेवढेच, उष्णता निम्म्याहून किंचित अधिक.

मोळीचे गणित निराळे. मोळीत आकारमान विकत घेतो, वजन नव्हे. तेथे जात महत्त्वाची. सुरूची मोळी आणि पांगाऱ्याची मोळी सारखीच दिसते, पण सुरूच्या मोळीत लाकडाचा माल दुपटीहून जास्त भरतो. वखारीत ओलेपणाने फसावे, मोळीत पोकळीने. पाण्यात टाकून पाहिले तरी एकट्या त्या परीक्षेने भागत नाही, कारण वाळलेले सुरूही खोल तरंगते आणि ओला पांगाराही. म्हणूनच आई आधी जात ओळखे, मग टोकाच्या चिरा पाही, आणि शेवटी दोन फाटे आपटी.

वाळलेल्या सुरूचे चार-पाच जाड फाटे ती दर आठवड्याला बाजूला काढून ठेवी. ते शुक्रवारसाठी. हलके लाकूड भडकते आणि विझते. भरीव लाकडाचे निखारे टिकतात. शब्बाथ लागण्यापूर्वी ते निखारे राखेखाली झाकून वर जेवणाचे भांडे ठेवले की दुसऱ्या दिवशी भात कोमट मिळे. आठवडाभर करवंट्या आणि काटक्यांवर भागविणारी आई त्या फाट्यांना हात लावू देत नसे.

आता वरच्या हिशेबातली एक गोष्ट लक्षात घ्या. ओल्या लाकडातले पाणी आटविण्यास २२,५०० पैकी ३,००० च खर्च झाले, म्हणजे सातवा हिस्सा. मग ओले लाकूड एवढा त्रास का देते? कारण लाकूड जळते म्हणजे पुष्कळसा त्याचा वायू जळतो. तापलेल्या लाकडातून प्रथम वाफ निघते, नंतर दोन-तीनशे अंशांच्या पुढे ज्वालाग्राही वायू निघू लागतात, आणि कोरड्या लाकडाचे सुमारे तीन-चतुर्थांश वजन अशा वायूंच्या रूपाने उडून जाते. मागे उरतो तो कोळसा. हे वायू नीट पेटण्यास सुमारे ६०० अंश उष्णता लागते. लाकडात पाणी असेल तोवर तो भाग शंभर अंशांच्या वर चढत नाही, भोवतालची आगही थंड पडते, आणि वायू न पेटताच चुलीबाहेर येतात. आपण त्यांना धूर म्हणतो. फुंकणीने फुंकल्यावर धुराचा एकाएकी भडका होतो तो याचमुळे. तेव्हा धूर म्हणजे न जळलेले सरपणच होय, आणि ते चुलीत जावयाच्या ऐवजी चूल पेटविणाऱ्या बाईच्या छातीत जाते.

आईने आयुष्याची तीस वर्षे चुलीपुढे काढली. येथे आल्यावर काही वर्षांनी तिला दम लागू लागला. छातीचे फोटो पाहून डॉक्टरांनी विचारले, दिवसाला किती सिगारेटी ओढता? मी दुभाषी म्हणून शेजारी बसले होते. प्रश्नाचे मराठी करून सांगितले तेव्हा ती हसली आणि मग तिला खोकला आला. तिने उभ्या जन्मात विडीला हात लावला नव्हता. डॉक्टर भला माणूस होता, पण चूल त्याने पाहिली नव्हती. मी त्याच्या कागदावर चूल, वैल आणि फुंकणी काढून दाखविली. पाहून तो पुष्कळ वेळ गप्प राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. भारतात १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींची मोहीम काढली होती आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गरीब घरांतल्या बायकांच्या नावे गॅसची जोडणी दिली गेली. तरीही सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटते.

आपल्या शास्त्रांत या ओलेपणाचा विचार फार जुना आहे. तू बेआव, म्हणजे आव महिन्याची १५ तारीख, हा आनंदाचा दिवस का, याची जी कारणे तालमुदात दिली आहेत त्यांत एक सरपणाचे आहे. त्या दिवसापासून बेथ हामिक्दाशातल्या वेदीसाठी लाकूड तोडणे बंद होई, कारण त्यानंतर उन्हाचा जोर ओसरतो, तोडलेले लाकूड पुरते वाळत नाही आणि त्याला कीड लागते. किडलेले लाकूड वेदीवर चालत नसे; ते निवडून काढण्यासाठी निराळी कोठडी होती आणि अंगी व्यंग असल्यामुळे इतर सेवा करू न शकणारे कोहानीम तेथे बसून एकेक लाकूड तपाशीत. जैतून आणि द्राक्षवेल यांची लाकडे वर्ज्य. कोणी म्हणतो त्यांत गाठी फार म्हणून, कोणी म्हणतो अशी झाडे तोडली तर देशात वस्ती कशी राहावी म्हणून. मला दोन्ही कारणे पटतात, दुसरे थोडे अधिक.

आईला हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांची आगोट आवमध्ये." एका परीने खरेच. येथे पाऊस सुक्कोथनंतर, तेथे मृगावर. दोन्ही देशांतली माणसे पावसापासून मागे मोजीत येत आणि त्याप्रमाणे कुऱ्हाड केव्हा टाकावयाची ते ठरवीत.

पाण्यात राहिलेल्या लाकडाचे काय होते हे पाहावयाचे असेल तर नातवंडांना घेऊन किन्नेरेथच्या काठी गिनोसारला जावे. १९८६ साली अवर्षणाने तळ्याचे पाणी खूप उतरले आणि चिखलातून एका जुन्या होडीची कड वर आली. होडी सुमारे आठ मीटर लांब आणि दोन हजार वर्षांपूर्वीची निघाली. फळ्या मुख्यतः गंधसरूच्या, फासळ्या मुख्यतः ओकच्या, आणि मधूनमधून मिळेल त्या दुसऱ्या लाकडांची ठिगळे. गरीब कोळ्याची होडी असावी असे ती पाहताना वाटते. आपल्याकडेही कोळी असेच करीत. चिखलात हवा पोहोचत नसल्यामुळे लाकूड कुजविणाऱ्या बुरशीचे तेथे चालले नाही. पण इतक्या काळात भिंतींचा बराच माल विरघळून गेला होता आणि त्या जागी पाणी बसले होते. तशीच उन्हात ठेवली असती तर पाणी उडून जाताच भिंती आत कोसळल्या असत्या आणि हातात भुसा आला असता. म्हणून तिच्यावर सतत पाणी शिंपडीत राहिले, मग तिला रासायनिक फेसाचे कवच घातले आणि तरंगवीत काठाकाठाने नेले. पुढे अनेक वर्षे तिला पाण्यात विरघळणाऱ्या एका मेणासारख्या पदार्थात बुडवून ठेवले, म्हणजे पाण्याची जागा हळूहळू त्या पदार्थाने घ्यावी. कोठे अंगणात उलटे पसरलेले आईचे सरपण आणि कोठे ही होडी! एकीकडे पाणी लवकर जावे म्हणून धडपड, दुसरीकडे ते एकदम जाऊ नये म्हणून.

आणि ज्यांना आबनूस बुडताना पाहून वाईट वाटते त्यांनी त्याचा तुकडा मृत समुद्रावर न्यावा. तेथले एक लिटर पाणी सुमारे १ किलो २४० ग्रॅम भरते. गोड्या पाण्यात तळाला जाणारे बहुतेक लाकूड तेथे वर येते. अशा समुद्रात नांगर टाकणे ही केवढी पंचाईत! एन गेदीजवळ पाणी मागे हटले तेव्हा फार प्राचीन काळचे लाकडी नांगर सापडले. तेथे लाकूड बुडविण्यासाठी त्याला जड वस्तू जोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि ती लिहिण्यासाठीच खरे तर मी लेखणी उचलली.

आम्ही १९७९ साली येथे आलो. दक्षिणेकडचे गाव, नवी इमारत, पहिला हिवाळा. वाळवंटात इतकी थंडी पडते हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. एका रात्री आईने संत्र्यांच्या खोक्यांची लाकडे आणि बदामाच्या वाळलेल्या फांद्या खाली अंगणात जाळल्या. ज्वाळा संपून लाल निखारे झाल्यावर ते घमेल्यात भरून वर आणले आणि आम्ही झोपतो त्या खोलीत ठेवले. मुंबईच्या चाळीतली रीत हीच होती: शेगडी बाहेर गॅलरीत पेटवावयाची आणि धूर संपला की आत घ्यावयाची. फरक इतकाच की चाळीच्या दाराखिडक्यांना बोट बोट फटी होत्या. येथे आम्ही काचा लावल्या, त्रीसिम खाली ओढले आणि दाराच्या फटीत थंडी येऊ नये म्हणून गोधडी कोंबली.

मध्यरात्री मला जाग आली ती डोके फुटेल असे दुखत होते म्हणून. धाकटा भाऊ ओकत होता. वडील उठून बसले आणि पुन्हा आडवे झाले. संध्याकाळच्या माशात काही होते, असे आई म्हणू लागली. ती उठली तेव्हा तिचे गुडघे वळेनात. रांगत जाऊन तिने गोधडी ओढली आणि दार उघडले. आवाजाने समोरची मोरोक्कोची शेजारीण बाहेर आली. तिने घमेले पाहिले, कपाळावर हात मारून घेतला आणि ते उचलून जिन्यात नेले. मग एकेकाला हाताला धरून बाहेर काढले. तिची आमची भाषा एक नव्हती. पण त्या रात्री काही अडले नाही.

आई पुढे अनेक वर्षे म्हणत असे, "पण त्याला धूर मुळीच नव्हता गं." तेच तर कारण. ओले लाकूड डोळ्यांतून पाणी काढते आणि आपल्याला बाहेर हाकलते. निखाऱ्याला पाणी नाही, वायू नाही, धूर नाही. तो नुसता कार्बन आहे, आणि त्याला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे अशी लक्षणे. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. खिडकी किंचित उघडी ठेवली तर चालते असे आपल्यातले काही जण अजूनही म्हणतात. चालत नाही. मांगालची उरलेली निखाऱ्याची शेगडी पावसाळी रात्री घरात किंवा बंद गच्चीत आणू नये, कितीही लाल आणि निर्धूर दिसो. वीज गेली तर जास्त पांघरुणे घ्यावीत. एकाच घरात दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर मासा खराब होता का याचा विचार मागाहून करावा, आधी सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा.

शेकोटीविषयीही एक. रंग दिलेल्या फळ्या, जुनी कपाटे आणि भुसा चिकटवून केलेले तक्ते मुलांना जाळू देऊ नयेत. त्यांचा धूर लाकडाचा नसतो.

नातवाचा दुसरा ओंडका शेकोटीत गेला नाही. माझ्या मुलाने त्याचे चार फाके करून दिले आणि आम्ही ते गच्चीच्या कठड्याशी, खाली दोन विटा देऊन, हवा खेळेल असे रचले. दर महिन्याला नातू ते एका पिशवीत घालून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढतो, मग पिशवीशिवाय चढतो आणि वजाबाकी करतो. पहिल्या दिवशी ६ किलो ८०० ग्रॅम भरले. महिन्याने ५ किलो ७००. तू बेआवला ४ किलो ८००, आणि टोकांना चिरा दिसू लागल्या. सुक्कोथनंतर ४ किलो ३००. परवा पुन्हा तोलले तर ४ किलो २००, आणि बादलीत टाकले तेव्हा जवळजवळ चौथा भाग पाण्यावर राहिला. त्याने दोन फाके एकमेकांवर आपटून पाहिले आणि मला बोलाविले. मी म्हटले, आणखी एकदा वाजव. टण्ण वाजले. पाऊस येण्याआधी ते आता आत घेतले आहेत, लाग बाओमरपर्यंत माझ्या पलंगाखाली राहतील.